नॅरोबँडमध्ये फ्लॅट लावले की कोपरे उजळतात. डार्क लागतातच का?

आखाडा_परभणी

नमस्कार मंडळी,

पूर्णा तालुक्यात आमचं शेत आहे. आखाड्यासमोरच्या खळ्यात माउंट मांडून मी फोटो काढायलोय. पश्चिमेला परभणीचा आणि पूर्वेला नांदेडचा उजेड क्षितिजापाशी दिसतो, डोक्यावर मात्र आभाळ चांगलं काळं असतं. दुर्बीण ८० मिमी अपोक्रोमॅट, रिड्यूसर लावून एफ/४.८. कॅमेरा मोनो, एपीएस-सी आकाराचा, १६ बिट, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल, थंड होणारा. फिल्टर नॅरोबँड, म्हणजे प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच आत सोडणारे: एच-अल्फा (हायड्रोजन), ओ-थ्री (ऑक्सिजन) आणि एस-टू (गंधक), तिन्ही ३ नॅनोमीटरचे.

सध्या रोझेट तेजोमेघ घेतलाय. प्रत्येक सब (एकेक सुटा फोटो) ३०० सेकंदांचा, गेन १००, ऑफसेट ५०, सेन्सर उणे १० अंशांवर. एच-अल्फा आणि ओ-थ्रीचे प्रत्येकी ४० सब स्टॅकला (एकावर एक जुळवून एक चित्र करायला) लावण्याजोगे आहेत, एस-टू बाकी आहे. फ्लॅटसाठी (कोपऱ्यांतला अंधार आणि धूळ टिपणारा, एकसारख्या उजेडाचा फोटो, ज्यानं सबला भागायचं) दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कपडा ताणून वर एलईडीचा ट्रेसिंग पॅड ठेवला. डार्क (झाकण लावून सबइतक्याच वेळाचे फोटो), बायस (झाकण लावून सर्वांत कमी वेळाचे) काहीच घेतलं नाही. या सेन्सरच्या कडेला चमक येत नाही, थंड केल्यावर डार्क करंट (अंधारातही सेन्सरमध्ये साचणारे इलेक्ट्रॉन) नगण्य, मग डार्कमध्ये रात्र कशाला घालवायची, असं जिथं-तिथं वाचायला मिळतं.

अडचण अशी. फ्लॅट न लावता स्टॅक केलं तर कोपरे काळवंडलेले आणि मधल्या भागात धुळीच्या काळ्या कड्या. फ्लॅट लावले की कोपरे उलट उजळ होतात. एच-अल्फात हे जेमतेम कळतं. ओ-थ्री स्ट्रेच केलं (अंधारा भाग ताणून उजळ केला) की चारही कोपरे मध्यापेक्षा उजळ दिसायलेत, आणि काळ्या कड्यांच्या जागी फिकट पांढऱ्या कड्या उठल्यात. एच-ओ-ओ रंगजुळणी (लालला एच-अल्फा, हिरव्या-निळ्याला ओ-थ्री) केली की चित्राला चोहोबाजूंनी निळसर-हिरवी झालर लागते. पॅड तोच, कॅमेरा तोच, तरी एका फिल्टरला थोडं आणि दुसऱ्याला इतकं, असं कामून व्हायलंय?

आमच्याकडच्या एका जुन्या निरीक्षकांचं म्हणणं आहे की नॅरोबँडमध्ये पार्श्वभूमीच नसते, त्यामुळं कॅलिब्रेशनच्या फ्रेम (डार्क, बायस, फ्लॅट) ही ब्रॉडबँडवाल्यांची (रुंद पट्ट्याचे फिल्टर वापरणाऱ्यांची) गरज. मग फ्लॅट काढून टाकू का? आणि डार्क घ्यायचेच असतील तर किती, कोणत्या तापमानाला? एप्रिल लागला की आमच्याकडं रात्री दहालाही हवा तापलेली असते, सेन्सर उणे १० ला पोचतच नाही.

रात्रपाळी_लातूर

दादा, लई ताण घेऊ नका. मी ओ-थ्रीला फ्लॅट लावून झाले की ग्रॅक्सपर्ट या सॉफ्टवेअरमधून काढतो, पार्श्वभूमी सपाट होऊन मिळते. कोपरे गेले, झालर गेली. उरलंसुरलं काठ कापून टाकायचं. रोझेट मधोमध असेल तर काठ गेल्यानं काय बिघडत नाही. पांढऱ्या कड्या मात्र त्यानं जात नाहीत, त्या मी हातानं पुसतो.

अंबाजोगाई_लॅब

आखाडा दादा, फ्लॅट अजिबात टाकू नका. तुमच्या फ्लॅटमध्ये मला तरी काही खोट दिसत नाही. काळी कडी उलटून पांढरी होते याचा अर्थ फ्लॅटनं जागा बरोबर धरली, फक्त भागाकार जास्त झाला. तो जास्त का झाला, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगते. जरा लांब होईल, पण वाचा, कारण हे एकदा नीट कळलं की नॅरोबँडची निम्मी भीती जाते.

मी अंबाजोगाईत पॅथॉलॉजी लॅब चालवते. आमच्या सेमी-ऑटो अ‍ॅनालायझरवर रक्तातली साखर ५०५ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून मोजतात. तुमचा ओ-थ्री ५००.७ नॅनोमीटरचा. दोन्ही इंटरफेरन्स फिल्टर आणि दोन्हींच्या मागे प्रकाश मोजणारा सेन्सर, फरक फक्त पट्ट्याच्या रुंदीचा. लॅबमध्ये नमुना लावण्याआधी आम्ही ब्लँक घेतो, म्हणजे नमुना नसतानाही यंत्र जो आकडा दाखवतं तो नोंदवून वजा करतो. ब्लँक वजा न केलेला आकडा मी कोणाच्याही रिपोर्टवर लिहिणार नाही. तुमचा डार्क म्हणजे हा ब्लँक.

आता तुमचा ओ-थ्रीचा एक सब घ्या. ऑफसेट ५० ठेवलाय, म्हणजे अशा कॅमेऱ्यात प्रकाशाचा एक कणही न पडता प्रत्येक पिक्सेल साधारण ५०० एडीयू (कॅमेऱ्याच्या आकड्याचं एकक) दाखवणार. हा आकडा मुद्दाम वर उचललेला असतो, नाहीतर रीड नॉइजमुळं (पिक्सेल वाचताना आकड्यात होणाऱ्या चढउतारामुळं) काही पिक्सेल शून्याखाली जाऊन कापले गेले असते. तुमच्या आभाळाखाली ३ नॅनोमीटरच्या पट्ट्यातून ३०० सेकंदांत ओ-थ्रीची पार्श्वभूमी किती येईल? ४० एडीयू धरू. गेन १०० वर एक एडीयू म्हणजे सुमारे पाव इलेक्ट्रॉन, म्हणजे पाच मिनिटांत एका पिक्सेलला १० इलेक्ट्रॉन. तेवढाच प्रकाश आहे तो.

कोपऱ्यात मध्याच्या ८० टक्के उजेड पोचतो असं समजा. मध्यावर ५०० अधिक ४०, म्हणजे ५४०. कोपऱ्यात ५०० अधिक ३२, म्हणजे ५३२. ऑफसेट काही दुर्बिणीतून आलेला नाही, त्यामुळं तो कोपऱ्यात कमी होत नाही, सगळीकडं ५०० च. आता काहीही वजा न करता फ्लॅटनं भागलं, तर मध्य ५४० ला १ नं भागून ५४० च राहिला आणि कोपरा ५३२ ला ०.८ नं भागून ६६५ झाला. कोपरा १२५ एडीयूनं वर गेला. खरी पार्श्वभूमी ४० आणि तुम्ही कोपऱ्यात त्याच्या तिपटीहून जास्त खोटा उजेड ओतला. आधी ५०० वजा करा: मध्य ४०, कोपरा ३२, आणि ३२ ला ०.८ नं भागलं की ४०. सपाट.

धुळीच्या कडीचं गणित हेच. ३ टक्के अंधारलेली कडी असेल तर ५०० ला ०.९७ नं भागल्यावर १५ एडीयू वाढतात. ४० च्या पार्श्वभूमीवर १५ म्हणजे डोळ्यात भरणारच.

फिल्टरा-फिल्टरांत फरक का, तर १२५ ची चूक दोन्हीकडं सारखीच आहे, पण रोझेटमध्ये एच-अल्फा भरभरून आणि फ्रेमभर पसरलेला. काही शे एडीयूच्या खऱ्या उजेडात ती बुडते. ओ-थ्री मात्र मुख्यतः मधल्या तारकागुच्छाभोवती, एनजीसी २२४४ च्या आसपास आहे. कोपऱ्यात जवळपास काहीच नाही, म्हणून तिथं फक्त चूक दिसते. साध्या ल्युमिनन्स फिल्टरनं ३०० सेकंदांत ४००० एडीयू आले असते तर हीच १२५ ची चूक ३ टक्के ठरली असती आणि तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. तेव्हा नॅरोबँडमध्ये पार्श्वभूमी नसते हे तुमच्या निरीक्षकांचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्याच कारणानं इथं कॅलिब्रेशन ब्रॉडबँडपेक्षा जास्त काटेकोर लागतं. मी हे ठासून सांगते आहे, कारण नवीन माणूस महागडे फिल्टर घेतो, थंडीत रात्र-रात्र जागतो, आणि मग असल्या सल्ल्यापायी ते १० इलेक्ट्रॉन मातीत घालतो.

डार्क करंट नगण्य, हेही तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तुमच्या जातीच्या सेन्सरमध्ये उणे १० ला ३०० सेकंदांत सरासरीनं एक इलेक्ट्रॉनही पुरता जमत नाही. पण डार्क फ्रेममध्ये डार्क करंट एकटा नसतो, ऑफसेटही त्यातच असतो. लोक पहिल्यासाठी डार्क नको म्हणतात आणि दुसराही वजा करायचा राहून जातो. आज रात्री तुमच्याकडं वेळ नसेल तर झाकण लावून सर्वांत कमी एक्सपोजरचे, त्याच गेन-ऑफसेटचे ५० बायस घ्या आणि डार्कच्या जागी ते लावून बघा. कोपरे लगेच बसतील. पुढं मात्र खरे डार्क घ्याच, कारण गरम पिक्सेल (उजेड नसतानाही चमकणारे) आणि सेन्सरची स्वतःची नक्षी बायसमध्ये पूर्ण उतरत नाही.

एक सावधगिरी. डार्क लावलात तर बायस वेगळा लावू नका. डार्कच्या पोटात बायस आहेच. सॉफ्टवेअरला दोन्ही देऊन तो दोनदा वजा झाला तर ५४० मधून १००० जातील आणि सगळं चित्र शून्यावर आपटेल. सिरिलमध्ये किंवा पिक्सइनसाइटमध्ये डार्क ऑप्टिमायझेशनची खूणही काढून टाका. डार्क अगदी जुळता असताना त्याला कमी-जास्त करण्याचं काहीच कारण नाही.

लातूरच्या दादांना एक विनंती. ग्रेडियंट (पार्श्वभूमीतला उजेडाचा चढउतार) काढणारं सॉफ्टवेअर अंदाजानं काम करतं. कोपऱ्यातला उजेड खोटा आहे की रोझेटच्या बाहेरची पुसट एच-अल्फा आहे, हे त्याला ठाऊक नसतं. वजाबाकीनं जी गोष्ट आकड्यांत सुटते ती अंदाजावर सोडू नये असं माझं मत आहे.

कन्नडघाट

ताई, मी रंगीत कॅमेऱ्यावर दुहेरी नॅरोबँड फिल्टर वापरतो, एच-अल्फा आणि ओ-थ्री एकत्र. गौताळ्याच्या बाजूला जातो, तिथलं आभाळ सुंदर आहे. माझे फ्लॅट घेताना हिरवा चॅनल पटकन भरतो आणि लाल मागं राहतो. सरासरी बघून एक्सपोजर ठेवायचं की एकेक चॅनल बघून? माझ्याकडं इलेक्ट्रोल्युमिनेसंट पॅनल आहे.

आखाडा_परभणी

ताई, खूप आभार. बायस घेतले. त्यांचा मीडियन ५०१ आला. मग ओ-थ्रीचा एक कच्चा सब उघडून तारे टाळून मोजलं. मध्यावर ५४३, कोपऱ्यात ५३४. तुमचा अंदाज इतका जवळ येईल असं वाटलं नव्हतं. बायस वजा करून फ्लॅट लावले तर कोपरे आणि मध्य एका पातळीला आले, पांढऱ्या कड्याही गेल्या. एच-ओ-ओ मधली झालर गेली आणि आता गुच्छाभोवतीचा ओ-थ्री असा काही निळा उठलाय की बघत राहावं.

आता डार्कचा संग्रह करायचाय. तीन गोष्टी सांगा. तापमान कोणतं धरू, संख्या किती, आणि दिवसा घेतले तर चालतील का? दिवसा आखाड्यावर वीज असते, रात्री थ्री-फेजची पाळी आली की मोटारी चालू करायला जावं लागतं, शेजारच्या पेट्यांवरचे बल्बही पेटतात.

आणि एक नवी भानगड. एच-अल्फात एक कडी फ्लॅट लावूनही राहिलीय. पूर्ण काळी नाही, पूर्ण पांढरीही नाही. डावीकडून काळी, उजवीकडून पांढरी, उठाव दिल्यासारखी.

अंबाजोगाई_लॅब

बरं वाटलं वाचून. तो ओ-थ्रीचा निळा उठाव फार मोलाचा आहे. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला तेव्हा ही हिरवट रेषा कोणत्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढं तिच्यासाठी नेब्युलियम नावाचं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे. तेजोमेघातला वायू आपल्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या निर्वातापेक्षा कितीतरी विरळ असल्यामुळंच ही रेषा तिथं इतकी उठून दिसते. पूर्णा तालुक्यातल्या खळ्यात तिचे १० इलेक्ट्रॉन वेचता आले हे मला आजही थोर वाटतं.

आता तापमान. कूलर भोवतालच्या हवेपेक्षा ३०-३५ अंश खाली नेतो, तेही पूर्ण ताकदीवर. पूर्ण ताकदीवर ठेवलं की हवा थोडी तापताच सेन्सरचं तापमान हलतं आणि जुळणी बिघडते. म्हणून मी दोनच तापमानं धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उणे १०, मार्च ते मे शून्य. डिसेंबरात परभणीचा पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा उणे २० चा मोह होतो. तो आवरा. डार्क करंट साधारण दर ६-७ अंशांना निम्मा होतो, पण तुमच्याकडं तो उणे १० लाच इतका कमी आहे की अजून खाली जाऊन हाती काही लागत नाही, फक्त तिसरा संग्रह करावा लागतो. उन्हाळ्यातले शून्य अंशांचे सब उणे १० च्या डार्कनं कॅलिब्रेट करू नका. ऑफसेट जुळेल, गरम पिक्सेल जुळणार नाहीत.

संख्येबाबत मी हट्टी आहे. गेन १०० वर तुमचा रीड नॉइज सुमारे दीड इलेक्ट्रॉन. आकाशाचे १० इलेक्ट्रॉन धरले तर एका सबचा नॉइज साडेतीन इलेक्ट्रॉन, आणि ४० सब स्टॅक केल्यावर तो ०.५५ वर येतो. आता १० डार्कचा मास्टर (सगळ्यांची सरासरी) घेतलात तर त्याचा स्वतःचा नॉइज १.५ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे ०.४७. तो प्रत्येक सबमधून तसाच वजा होतो, त्यामुळं सब कितीही वाढवले तरी कमी होत नाही. दोन्ही मिळून ०.७३, म्हणजे तुमच्या स्टॅकचा नॉइज ३२ टक्क्यांनी वाढला. ५० डार्कना तीच वाढ ७ टक्के. ब्रॉडबँडमध्ये आकाशाचाच नॉइज इतका असतो की १० डार्कही खपून जातात. इथं ५० च्या खाली जाऊ नका. दर दोन सबनंतर डिदर करत (दुर्बिणीचा रोख किंचित सरकवत) असाल तर डार्कचा नॉइजही पसरतो आणि हे नुकसान बरंच घटतं. पण डिदरच्या भरवशावर डार्क कमी घ्यावेत हे मला पटत नाही. दोन्ही करा.

हे सगळं थंडीच्या रात्री करत बसायची गरज नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडं आभाळ झाकलेलंच असतं. जुलैत घरातच कॅमेरा टेबलावर ठेवून शून्य सहज गाठतो, उणे १० चे तेवढे थंडीत घ्या. त्याआधी आतली ओलावा शोषणारी गोळी बदला किंवा तापवून घ्या, पावसाळी हवेत सेन्सरच्या काचेवर बाष्प धरतं. मी दरवर्षी संग्रह नवा करते, कारण गरम पिक्सेल हळूहळू वाढत जातात.

दिवसा घेऊ नका. प्लास्टिकच्या झाकणातून इन्फ्रारेड आरपार जातं आणि फिल्टर व्हीलच्या फटीतूनही उजेड शिरतो. तुमची पार्श्वभूमी ४० एडीयूची असताना डार्कमध्ये ५ एडीयू जरी शिरले तरी तेवढं खरं ओ-थ्री वजा होणार. रात्रीच घ्या, झाकणावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, वर काळं कापड टाका. तपासायची रीत सोपी आहे. डार्कचा मीडियन बायसच्या ५०१ पेक्षा एखाद-दोन एडीयूच वर असावा. तो ५१५ आला तर कुठून तरी उजेड येतोय. मोटारीच्या पाळीचं म्हणाल, तर डार्क चालू असताना तुम्ही खुशाल बांधावर जाऊन या, कॅमेऱ्याजवळ कोणी लागत नाही.

फ्लॅटच्या डार्कचंही सांगते. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं टोक असतं आणि पुढं पिवळ्याचा पसरट उंचवटा. ५०० पाशी खळगा आणि ६७० कडं उतरण. त्यामुळं ३ नॅनोमीटरच्या ओ-थ्रीला आणि एस-टूला फ्लॅटचं एक्सपोजर काही सेकंदांचं होतं. ते चांगलंच आहे, एलईडीच्या लुकलुकण्यानं येणारे पट्टे लांब एक्सपोजरमध्ये विरतात. २५ ते ३० हजार एडीयू येतील असं ठेवा आणि पॅड बंद करून, झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचे डार्क-फ्लॅट प्रत्येक फिल्टरसाठी घ्या. २८ हजारांत ५०० म्हणजे दोन टक्क्यांच्या आतली गोष्ट, इथली चूक सबमधल्या चुकीइतकी घातक नाही. तरी दहा मिनिटांचं काम आहे, सोडू नका. एका फिल्टरचे फ्लॅट दुसऱ्याला मात्र कधीच लावू नका, प्रत्येक काचेवरची धूळ वेगळी.

कन्नडच्या दादा, सरासरी बघू नका. तुमच्या पॅनलचा उजेड निळा-हिरवा जास्त आणि लाल कमी, म्हणून लाल मागं राहतो. सगळ्यांत उजळ चॅनल ५० हजारांच्या खाली राहील आणि लाल किमान १० हजारांवर येईल असं एक्सपोजर शोधा. दोन्ही एकाच वेळी साधत नसेल तर पॅनलवर फिकट गुलाबी किंवा नारिंगी पारदर्शक कागद टाका, लाल सापेक्ष वर येतो. आणि फ्लॅट तोच फिल्टर लावून घ्या, साध्या काचेतून घेतलेले चालणार नाहीत.

रात्रपाळी_लातूर

ताई, आकडे पटले. आता डार्क लावूनच पुढं जाईन. पण ग्रेडियंटचं एक सांगतो. मी एप्रिलमध्ये कॅरिना तेजोमेघ घेतो. लातूरहून तो दक्षिणेला चढून चढून ११-१२ अंशांवर येतो, खाली क्षितिजाची धूळ आणि गावांचा उजेड. तिथं कॅलिब्रेशन कितीही चोख केलं तरी फ्रेमचा खालचा काठ उजळच राहतो, ओ-थ्रीत तर चंद्र असला की बघायलाच नको. तो उजेड खरा आभाळातला आहे, डार्क-फ्लॅटनं जाणार नाही. त्याला ग्रॅक्सपर्टच लागतं.

अंबाजोगाई_लॅब

अगदी बरोबर, दादा. आधी कॅलिब्रेशन, मग स्टॅक, मग ग्रेडियंट. ओळखायला सोपं आहे. आभाळाचा ग्रेडियंट एका बाजूकडून दुसरीकडं उतरतो. चारही कोपरे सारखेच उजळ किंवा सारखेच काळे असले तर दोष दुर्बिणीच्या किंवा वजाबाकीच्या बाजूचा.

आखाडा दादा, तुमच्या उठावदार कडीचं राहिलं. एका बाजूनं काळी, दुसरीकडून पांढरी म्हणजे सब आणि फ्लॅट यांच्या मधल्या वेळात धुळीचा कण सरकला, किंवा फिल्टर व्हील नेमकं त्याच जागी परत आलं नाही. कोणतं ते मोजून सांगता येतं. कडीचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा, त्याला ३.७६ मायक्रॉननं आणि मग ४.८ नं गुणा. सेन्सरपासून धूळ किती दूर आहे ते मिळतं. ४०० पिक्सेल असतील तर ७ मिमीच्या थोडं वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाहेरच्या काचेवर. १२०० असतील तर २१-२२ मिमी, म्हणजे फिल्टरवर.

आखाडा_परभणी

मोजली. ४१० च्या आसपास भरायलीय. म्हणजे बाहेरची काच. साखर कारखान्याचा हंगाम चालू आहे, वारं फिरलं की चिपाडाची काजळी खळ्यापर्यंत येते. तीच असावी. पुसून घेऊ का?

अंबाजोगाई_लॅब

पुसू नका. काजळीचा कण घासला तर कोटिंगवर ओरखडा येतो. कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि रबरी हातपंपानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब बसतात. हवेनं गेला नाही तरच काचेसाठीच्या द्रवात भिजवलेला मऊ स्वॅब, तोही एकाच दिशेनं, दाब न देता.

पण आधी एक विचार करा. साफ केल्यावर जुने फ्लॅट नव्या सबना चालणार नाहीत आणि नवे फ्लॅट जुन्या सबना. एच-अल्फा आणि ओ-थ्रीचे फ्लॅट त्या सबच्याच फोल्डरमध्ये तारखेसह ठेवून द्या. मास्टर करून मूळ फाइली उडवू नका. एच-अल्फातली ती एक कडी डिदरनं जाणार नाही, ती तेवढी हातानं झाकावी लागेल. मग काच साफ करून एस-टूला हात घाला. हंगाम संपेपर्यंत प्रत्येक रात्रीच्या शेवटी, कॅमेरा न फिरवता आणि व्हील हलायच्या आत, त्या रात्रीचे फ्लॅट त्याच रात्री घ्या.

आखाडा_परभणी

चालतंय ताई. आज वारं पडलेलं आहे. दुपारी पंप आणतो, संध्याकाळी काच साफ करतो आणि रोझेट वर आला की एस-टू लावतो. मोजमापं इथंच टाकीन.